मोडू दे, पण स्वस्तात मोडू दे!

रेडिओ कंट्रोलची मोठी बग्गी कॉलेजात आली की पब्लिक पहिली गोष्ट कोणती करतं? नीट चालवून बघतं? छे! आधी अ‍ॅल्युमिनियमच्या पार्ट्‌सची यादी करतं. 'प्लॅस्टिक आहे रे, टिकणार नाही' हा आपल्याकडचा ठरलेला डायलॉग. माझं भांडण या डायलॉगशीच आहे.

ज्यांनी ही गाडी जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडंसं. १:५ स्केलची बग्गी म्हणजे खेळणं नव्हे. एचपीआयची बाहा ५बी घ्या. वजन साधारण १० किलो, ड्राइव्ह मागच्या चाकांना, आणि २३ किंवा २६ सीसीचं टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिन, गवत कापायच्या यंत्रांत असतं त्याच घराण्यातलं. ताशी ५० किमी वेगाला या १० किलोंत सुमारे ९६५ ज्यूल ऊर्जा असते. म्हणजे गाडी हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकल्यासारखं. कार्ब्युरेटर, सायलेन्सर बदलून वेग ७० वर नेला की हाच आकडा १८९० होतो. आता सहावा मजला! (आपल्या हॉस्टेलला तो नाही, ही गोष्ट वेगळी.)

ही ऊर्जा धडकेच्या वेळी कुठेतरी जाणारच. प्रश्न एवढाच की कुठे?

कंपनीने सस्पेन्शन आर्म काचतंतू घातलेल्या नायलॉनचे दिले, ते फक्त कंजूषपणा म्हणून नव्हे. नायलॉन वाकतं आणि परत जागेवर येतं. फारच झालं तर तुटतं, आणि चार स्क्रू काढून नवा आर्म बसतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म सहज तुटत नाही, पण एकदा वाकला की वाकलेलाच राहतो. आणि वाकलाही नाही, तर धक्का पुढे सरकतो : पिनला, पिनच्या माउंटला, शेवटी चॅसिसला. शिवाय तो नायलॉनपेक्षा साधारण दुप्पट जड, आणि तेही चाकाजवळ, जिथे वजन सगळ्यात नडतं. '६०६१ नको, ७०७५ घेऊ' म्हणणाऱ्यांनी एसओएमची वही उघडावी. ७०७५ ची यील्ड स्ट्रेंथ बरीच जास्त आहे हे खरं, पण यंग्ज मॉड्युलस दोघांचा जवळपास सारखाच, ७० जीपीएच्या आसपास. मजबूत आणि ताठ हे दोन वेगळे शब्द आहेत, मित्रांनो!

फ्यूज सारखा उडतो म्हणून त्यात जाड तार गुंडाळणारा महाभाग प्रत्येक हॉस्टेलात असतो. मग फ्यूज उडत नाही, वायरिंग जळतं. गावाकडच्या मुलांना ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरचा शिअर बोल्ट माहीत असेल. दगड लागला की तो तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तिथे हाय-टेन्साइल बोल्ट ठोकणाऱ्याला शहाणा कोण म्हणेल? बग्गीतला सर्व्हो-सेव्हर हा असाच शिअर बोल्ट. तो घट्ट आवळून 'स्टिअरिंग कडक झालं' म्हणून खूश होऊ नका. पुढच्या खड्ड्यात सर्व्होचे दात जातील.

मग काहीच मजबूत करायचं नाही का? करायचं ना! जिथे वाकण्याचा फायदा शून्य, तिथे जरूर करा. इंजिन माउंट हलला की गिअरचे दात नीट जुळत नाहीत आणि झिजतात, तो भक्कम हवा. इंजिन वाचवणारा रोल केज हवा. धातूत जाणाऱ्या स्क्रूंना थ्रेडलॉक हवं, कारण टू-स्ट्रोकच्या थरथरीने ते आपोआप सुटतात. एअर फिल्टरचा फोम तेल लावलेला हवा. आपल्या मैदानाची धूळ इंजिनाला कुठल्याही धडकेपेक्षा लवकर संपवते.

आणि सगळ्यात आधी किल स्विच! सिग्नल गेला तर फेलसेफ थ्रॉटल बंद करतो, हे ठीक. पण रिसीव्हरची बॅटरीच संपली तर सर्व्हो आहे तिथेच राहतो आणि पेट्रोल इंजिन आपलं चालूच! म्हणून थ्रॉटलला परत ओढणारी स्प्रिंग हवी आणि इग्निशन तोडणारा वेगळा किल स्विच हवा. २००७ साली पीथमपूरला सुरू झालेल्या बाहा एसएईइंडियात खऱ्या बग्गीवर दोन किल स्विच सक्तीचे असतात, एक ड्रायव्हरच्या हाताशी, दुसरा बाहेर. आपल्या गाडीत तर ड्रायव्हरच नाही, आणि मैदानाच्या कडेला निम्मं फर्स्ट इयर उभं असतं.

तेव्हा क्लबच्या मंडळींनो, खरेदीचा क्रम असा ठेवा : किल स्विच, स्प्रिंग, फिल्टर, थ्रेडलॉक, चार जादा नायलॉन आर्म. उरले पैसे तर चमकणारं अ‍ॅल्युमिनियम. आणि सर, तुम्हालाही एक विनंती. बिलावर सही करण्याआधी आम्हाला ओरलमध्ये विचारता तसा एकच प्रश्न विचारा : 'हा पार्ट मोडला नाही, तर त्याच्याऐवजी काय मोडेल?' उत्तर आलं नाही, तर सही करू नका.