दोष दगडाचा नव्हता

जुन्या घरगुती संगणकाला स्वस्तातला वीजपुरवठा बांधून देण्याच्या उद्योगाला आमचे साहित्यिक मित्र 'स्मरणरंजन' म्हणतात. मराठी समीक्षेत हा शब्द फार सैल हाताने वापरला जातो. एकदा तो चिकटवला की वाद मिटला असे समजण्याची रीत आहे. आमच्या मते वाद तेथूनच सुरू व्हायला हवा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि भोवतालची गावे कोसळली. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्यानंतर मराठवाड्याने दगडी भिंतीची जी धास्ती घेतली ती समजण्यासारखी आहे. परंतु पडलेल्या भिंती नीट पाहणाऱ्यांना दिसले ते वेगळे होते. जाड भिंतीचे आतला व बाहेरचा असे दोन थर, मध्ये माती आणि गोटे, दोन्ही थरांना आरपार धरणारा दगड जवळजवळ नाहीच, आणि वर माळवदाच्या मातीचा प्रचंड भार. दोष दगडाचा नव्हता, सांध्याचा होता. म्हणून काही गावे नव्या जागी वसवली गेली, तरी कमी हानी झालेल्या ठिकाणी भिंतीला आरपार भोक पाडून, त्यात सळई घालून काँक्रीट भरण्याचा उपायही सांगितला गेला. घर तेच; फक्त थर एकमेकांना बांधले.

ही दृष्टी संगणकाच्या वाट्याला आली नाही. १९८४-८५ पासून 'क्लास' योजनेत देशातील शाळांना बीबीसी मायक्रो संगणक मिळाले. पुढे ते कालबाह्य ठरून अडगळीत पडले. या यंत्राचा सर्वपरिचित आजार कोणता? वीजपुरवठ्याच्या तोंडाशी बसवलेले कागदी कपॅसिटर वयोमानाने तडकतात, दमट हवा शोषतात आणि एके दिवशी धूर सोडतात. धूर पाहून यंत्र मेले असे ठरवणे म्हणजे माळवद पडले म्हणून जमिनीला दोष देणे. मुख्य बोर्ड बहुधा शाबूत असतो.

त्याला हवे काय, तर पाच व्होल्टला कमाल पावणेचार अँपिअर, आणि ध्वनीसाठी व सिरियल जोडणीसाठी उणे पाच व्होल्टचा किरकोळ प्रवाह. बाजारात मिळणारा पाच व्होल्ट, पाच अँपिअरचा एसएमपीएस आणि उणे पाचसाठी एक छोटा कन्व्हर्टर एवढ्यात काम भागते. मोबाइलचा चार्जर मात्र चालत नाही. व्होल्ट तेच असले तरी बहुतेकांना हा भार पेलवत नाही. काटकसर करावी ती पेटीत, तारांच्या जाडीत आणि अर्थिंगमध्ये नव्हे. व्होल्ट मर्यादेबाहेर चढल्यास पुरवठा स्वतःच शॉर्ट करून फ्यूज उडवणारे 'क्रोबार' सर्किटही वगळू नये, कारण त्या जुन्या चिपा पुन्हा सहजी मिळत नाहीत.

"एम्युलेटर असताना हा खटाटोप कशाला?" हा प्रश्न मराठीच्या प्राध्यापकांनी विचारावा याचे आम्हांस विशेष नवल वाटते. छापील आवृत्ती हाती असताना हस्तलिखित कशाला, असे त्यांच्या विद्यार्थ्याने विचारले तर ते पाठचिकित्सेवर तासभर बोलतील! एम्युलेटर ही उपयुक्त आवृत्तीच आहे; पण जुन्या फ्लॉपीवरचा मजकूर तिच्यात आणायचा तर कधीतरी ती फ्लॉपी वाचणारे खरे यंत्र चालू करावेच लागते. युनिकोडपूर्व फाँटांत टंकलेल्या मराठी मजकुराची आजची अवस्था पाहा: फाइल उघडते, अक्षरे उघडत नाहीत. देशीवादावर परिसंवाद भरवणाऱ्या आम्हा लोकांना आपल्याच भाषेचे हे अलीकडचे अवशेष परके वाटावेत, ही गंमत आहे.

तेव्हा विभागाच्या कपाटात असे यंत्र सापडले तर ते लगेच प्लगला लावू नये. आधी ते कपॅसिटर बदलावेत किंवा नवा पुरवठा बांधावा. त्यावर जाड रेझिस्टरचा खोटा भार टाकून मल्टीमीटरवर पाच व्होल्ट तासभर स्थिर राहतात का पाहावे, आणि मगच बोर्डाच्या तारा जोडाव्यात. लाल पाचची, काळी शून्याची, जांभळी उणे पाचची.