सबवूफर विकू नका, सेट करून द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत मी सबवूफरच्या मागचं क्रॉसओव्हरचं बटण दाखवलं. वेळेअभावी जे राहिलं ते इथे लिहितोय. ऑडिओच्या धंद्यात यायचं नसेल तरी वाचा. मुद्दा धंद्याचाच आहे.

दुकान सुरू केलं तेव्हाची गोष्ट. आमगावच्या एका गिऱ्हाइकाने होम थिएटर घेतलं. मी डबा गाडीत ठेवला, पैसे घेतले आणि सांगितलं, "भाऊ, बेस फुल ठेवा, मजा येईल." आठव्या दिवशी सेट परत! "आवाज घुमतो, डायलॉग समजत नाही, घरचे बंद करायला लावतात." दुसरा पीस दिला, तोही परत आला. शेवटी पैसे द्यावे लागले. नंतर दोन्ही पीस दुकानात नीट लावून पाहिले, तर एकदम ओके. खोट माझ्या सल्ल्यात होती. बीबीएमध्ये विक्रीनंतरच्या सेवेवर पानंच्या पानं लिहिली होती, पण दुकानात बसल्यावर सगळं विसरलो.

क्रॉसओव्हर म्हणजे कामाची वाटणी. तबल्याची जोडी डोळ्यासमोर आणा. डग्ग्याने घुमायचं, तबल्याने बोल काढायचे. तसंच खालचा जड आवाज सबवूफरने काढायचा, वरचा स्पीकरने. ही वाटणी ज्या हर्ट्झवर होते, तो क्रॉसओव्हरचा आकडा.

सगळे ८० सांगतात. टीएचएक्स या सिनेमाच्या मानकामुळे तो आकडा रूढ झाला. कारणही पटण्यासारखं आहे. त्याच्या खालचा आवाज कुठल्या दिशेने येतोय ते कानाला सहज कळत नाही. पण माझं मत स्पष्ट आहे: ८० ही सुरुवात आहे, उत्तर नाही. उत्तर गिऱ्हाइकाच्या स्पीकरवर आणि खोलीवर ठरतं.

साधा हिशेब असा. मोठे टॉवर स्पीकर असतील तर ६० ते ८०. पाच-सहा इंची वूफरचे बुकशेल्फ असतील तर ८० ते १००. सेटसोबत येणारे हाताएवढे छोटे स्पीकर असतील तर १२० ते १५०. छोट्या स्पीकरला ८० वर लावलं, तर मधला आवाज कोणीच काढत नाही, तिथे खड्डा पडतो. उलट मोठ्या स्पीकरला १५० वर लावलं, तर पुरुषाचा आवाज कोपऱ्यातल्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. माझ्या आमगावच्या गिऱ्हाइकाकडे हेच झालं होतं.

रिसीव्हर असेल तर स्पीकर 'स्मॉल'वर ठेवा आणि क्रॉसओव्हर रिसीव्हरमध्येच लावा. सबवूफरचं बटण मात्र शेवटपर्यंत फिरवा, किंवा 'एलएफई'वर ठेवा. नाहीतर एकाच आवाजाला दोनदा कात्री लागते. मग फेजचा स्विच ० आणि १८० वर करून पाहा. सोफ्यावर बसल्यावर जिथे बेस जास्त भरीव लागतो, ते बरोबर.

आता खोली. ८० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट साधारण १४ फूट लांब असते. आपल्या गोंदियातल्या १० बाय १२ च्या खोलीत ती मावतच नाही, भिंतीवर आपटून घुमते. त्यात सबवूफर कोपऱ्यात ठेवला की बेस आणखी फुगतो. कधीकधी बटणाला हात न लावता डबा दोन फूट सरकवला तरी तक्रार मिटते.

आणि शेजारी विसरू नका. जड आवाज भिंत सहज ओलांडतो. नियमाप्रमाणे रहिवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ मर्यादा ४५ डेसिबलची आहे. हे गिऱ्हाइकाला आपणच सांगायचं.

तुम्ही म्हणाल, "सर, एवढा वेळ कोण देणार? ऑनलाइन तर स्वस्त मिळतं." बरोबर आहे. एका सेटिंगला तास जातो, पेट्रोल जातं, दिवाळीच्या गर्दीत तर जमतही नाही. म्हणून फुकट करू नका. बिलावर 'सेटिंग व जोडणी' अशी वेगळी ओळ लिहा, रक्कम आधीच सांगा. घासाघीस झाली तर वस्तूच्या भावात थोडं सोडा, पण ती ओळ खोडू नका. ती खोडली की तुम्ही आणि वेबसाइट सारखेच.

याचा तोटाही सांगतो. एक जण मोठा १२ इंची सबवूफर घ्यायला आला होता. त्याच्या घरी जाऊन जुनाच सेट केला, आणि मोठ्याची गरज संपली. एवढी मोठी विक्री हातची गेली, खिशात फक्त सेटिंगचे पैसे. पुढच्या दिवाळीत त्याचा साडू टीव्ही घ्यायला माझ्याच दुकानात आला. दरवेळी असं होईलच याची गॅरंटी नाही. तरीही मी तेच करीन, कारण परत आलेल्या सेटची बदनामी मी भोगली आहे.

आता तुमचं काम. शिलाई मशीन विकत असाल तर धाग्याचा ताण, आरओ विकत असाल तर पाण्याचा टीडीएस. तुमच्या वस्तूचं 'क्रॉसओव्हर' कोणतं, म्हणजे गिऱ्हाइकाला स्वतःला न जमणारी सेटिंग कोणती, ते वहीत लिहा. ती शिकून घ्या, मगच शटर उघडा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!