विश्लेषण : संगणकातल्या ढोलवादकाचे टिपरू हवेत का राहते? ‘आयके’ म्हणजे काय?

ॲनिमेशन, व्हीएफएक्स आणि गेमिंगसाठी राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर 2025 मध्ये 3,268 कोटी रुपयांचे धोरण मंजूर केले. 2050 पर्यंतच्या या आराखड्यात दोन लाख रोजगारांचे उद्दिष्ट आहे. नाशिकमधली मुलेही हे कोर्स करतात आणि तिथे एक शब्द लवकरच कानावर पडतो : इन्व्हर्स कायनेमॅटिक्स, थोडक्यात आयके. बटण दाबले की काम होते, म्हणून त्यामागचे गणित बहुतेकदा बाजूला राहते.

नेमके होते काय?

डिजिटल माणूस आतून सांगाडाच असतो. खांदा, कोपर, मनगट अशी सांध्यांची साखळी. समजा, नाशिक ढोल वाजवणारा माणूस उभा करायचा आहे. फॉरवर्ड कायनेमॅटिक्स या सरळ पद्धतीत आधी खांदा फिरवायचा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी टिपरू पानाला लागले का ते पाहायचे. नंतर कंबर जराशी हलवली तरी टिपरू ढोलात घुसते नाहीतर हवेत लटकते. मग पुन्हा पहिल्यापासून.

आयकेत प्रश्न उलटा असतो. टिपरू इथे लागले पाहिजे, एवढेच आपण सांगायचे. खांद्या-कोपराचे कोन संगणक काढतो. ते लक्ष्य ढोलालाच बांधले, की वादक कितीही उड्या मारो, टिपरू पान सोडत नाही.

गणित कोणते?

दंडाचे हाड आणि कोपरापुढचे हाड, दोन्हींची लांबी ठरलेली. खांदा ते मनगट हे अंतर तिसरी बाजू. त्रिकोणाच्या तीन बाजू कळल्या की कोसाइनच्या नियमाने कोपराचा कोन मिळतो. खरी गंमत पुढे आहे. खांदा आणि मनगट जागेवर ठेवूनही कोपर वर्तुळात फिरू शकते, म्हणजे उत्तरे असंख्य. म्हणून कोपराने कुठे पाहायचे हे सांगणारे दुसरे लक्ष्य द्यावे लागते, त्याला ‘पोल’ म्हणतात. ते विसरले की कोपर भलतीकडे वळते.

शेपूट किंवा सोंडेसारख्या लांब साखळीला असे सोपे सूत्र पुरत नाही. तिथे संगणक टप्प्याटप्प्याने उत्तराजवळ सरकतो. केंब्रिजच्या संशोधकांची 2011 मधली ‘फॅब्रिक’ ही त्यातलीच एक पद्धत. मुळात हे शास्त्र रोबोटचे. वेल्डिंगच्या रोबोटला ठिपका दाखवला जातो, सांध्यांचे कोन त्याचा संगणक काढतो. पायांवर चालणाऱ्या ॲनिमेटेड आकृत्यांसाठी त्याचा वापर अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी 1985 मध्ये मांडला.

मग ॲनिमेटरचे काम काय उरले?

बरेच. हात पूर्ण ताणला गेला की आयकेत कोपर झटका खाते. चालताना हात कमानीत झुलतात, आयकेतले मनगट मात्र दोन जागांमधून सरळ रेषेत जाऊ पाहते. म्हणून झुलत्या हातांना सरळ पद्धत आणि टेकलेल्या पावलांना आयके, अशी अदलाबदल करावी लागते. मांडी घालून बसवणे तर खरी परीक्षा. आयकेला हाडे कळतात, मांस कळत नाही. पाऊल खुशाल मांडीच्या आरपार जाते. आपल्याकडे पंगत, भजन, पूजा सगळे जमिनीवर बसून, त्यामुळे हे काम टळत नाही.

आता व्हिडिओवरून एआय थेट हालचाल काढून देते. त्यातही पावले जमिनीवर घसरताना दिसतात आणि ती रोखायला पुन्हा आयकेच लागते. म्हणून क्लासची फी भरण्याआधी एक विचारावे : तयार सांगाडा वापरायला शिकवता, की तो बांधायलाही? ब्लेंडर हे सॉफ्टवेअर मोफत आहे. दोन हाडे, एक लक्ष्य आणि एक पोल जोडून कोपर कसे फिरते, ते घरीही पाहता येते.