आईला शाल देऊ नका

गेल्या १४ एप्रिलला आमच्या वस्तीत माझ्या आईचा सत्कार झाला. शाल, गुच्छ, आणि फ्रेम केलेलं मानपत्र. मानपत्रावर मोठ्या अक्षरात 'त्यागमूर्ती'. नऊ वर्षं आजारी नवऱ्याची सेवा केली म्हणून. अध्यक्ष बोलले, आमदाराचा माणूस बोलला, मग मला माईकवर बोलावलं, कारण मी कवी. मी आईवरची कविता म्हटली. तिच्यात आई झाड झालीय, नदी झालीय, शेवटी धरणीबिरणी पण झालीय. टाळ्या पडल्या. आई खाली बायकांत बसली होती आणि बसल्या बसल्या झोपली होती. लोकांना वाटलं, डोळं मिटून ऐकतीया.

घरी आल्यावर शालीची घडी घालत म्हणाली, "ह्यापेक्षा एक रात जागायला कोण आलं असतं तर?"

दोस्तहो, त्या एका वाक्यापायी हे लिहितोय. मी शिकलेला नाही, दहावीनंतर सूतगिरणीत लागलो. तेव्हा भाषा सांभाळून घ्या. राग सांभाळू नका.

आण्णांच्या छातीचं काय झालं ते आधी सांगतो. गिरणीत कापसाच्या गाठी येतात. त्या फोडायच्या, ब्लोरूमला घालायच्या, तिथून कार्डिंगला. कापूस झोडपला जातो, पिंजला जातो, आणि त्यातला पालापाचोळा, बोंडाचा चुरा, माती, त्यावर वाढलेल्या जंतूंचं विष, सगळं हवेत येतं. पुढं सूत होईस्तोवर धूळ कमी कमी होत जाते. सगळ्यात जास्त धूळ ह्या पहिल्या खात्यांत. आण्णा तिथं १९९२ ते २०१६, चोवीस वर्षं होते. भुवया पांढऱ्या करून घरी यायचे. आम्ही पोरं हसायचो, "म्हातारा आला, म्हातारा आला." गिरणीत गुळाचा खडा मिळायचा, आण्णा तो खिशात घालून आमच्यासाठी आणायचे. गूळ घशाला बरा म्हणतात. घशाच्या खाली गेलेल्याचं काय, ते कुणी सांगितलं नाही. आणि तो गूळ तर आम्हीच खाल्ला.

आधी आधी फक्त सोमवारी त्रास व्हायचा. सुटी झाली, पहिल्या दिवशी कामावर गेले की छाती आवळायची, कुणीतरी दोरखंडानं करकचून बांधल्यासारखी. मंगळवारी बरं वाटायचं. काही वर्षांनी मंगळवारी पण. मग सगळेच वार सोमवार झाले. आई म्हणायची, "तुझ्या बाचा सोमवार काय संपंना." ही आमच्या घरची गोष्ट नाही, हा त्या रोगाचा स्वभावच आहे. त्याचं नाव बिसिनोसिस. इटलीत रामाझिनी नावाच्या डॉक्टरनं तीनशे वर्षांपूर्वी जवसाचे तंतू पिंजणाऱ्यांचा खोकला लिहून ठेवला. इंग्लंडात लँकशायरच्या गिरण्यांत शिलिंग नावाच्या डॉक्टरनं १९५०च्या दशकात ह्याच सोमवारावरून रोगाच्या पायऱ्या पाडल्या. अमेरिकेनं १९७८ साली गिरणीतल्या कापसाच्या धुळीला कायद्यानं मर्यादा घातली. म्हणजे आण्णा गिरणीत लागले तेव्हा जगाला सगळं ठाऊक होतं. फक्त आण्णांना ठाऊक नव्हतं.

लवकर ओळखलं आणि माणसाला धुळीतून बाहेर काढलं तर माणूस सुटतो. उशीर झाला की गेलेला दम परत येत नाही.

आता डॉक्टर. "बिडी ओढता का?" हा पहिला प्रश्न, आणि तोच शेवटचा. ओढायचे. खोटं कशाला बोलू, पाळीला एक बंडल ओढायचे. बिडीनं हा रोग आणखी चिघळतो हे पण खरं आहे. पण मग बिडी लिहा आणि कापूसही लिहा की! एक्सरेत ह्या रोगाची स्वतःची अशी खूण दिसत नाही. तो विचारूनच कळतो. काम काय, किती वर्षं, सुटीनंतर पहिल्या दिवशी काय होतं. तीन प्रश्न. आण्णांना किती जणांनी तपासलं त्याची मोजदाद नाही, हे तीन प्रश्न एकत्र कुणीही विचारले नाहीत. एकानं तर थुंकीत जंतू सापडला नसताना सहा महिने टीबीच्या गोळ्या चारल्या. वस्तीत बोभाटा झाला. माझ्या बहिणीच्या ताटाला ताट लावून कोण जेवेना. कुठल्या कागदावर कापूस आला नाही. कागदावर काय, तर 'जुनाट दमा'.

म्हणजे रोग आण्णांचा, बिडी आण्णांची, नशीब आण्णांचं. गिरणी मोकळी.

कायद्यात आहे सगळं. १९४८च्या कारखाने कायद्यात बिसिनोसिसचं नाव कळवायच्या रोगांच्या यादीत होतं. असा रोगी दिसला की डॉक्टरनं मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचं, न कळवणं हा गुन्हा. विमा कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात पण तो धंद्यातून होणारा रोग म्हणून होता, भरपाईला पात्र. आता २०२०च्या संहिता आल्यात, कलमांचे नंबर बदललेत, रोगाचं नाव यादीत राहिलंय. यादीत नाव आहे आणि रोगी एकही नाही, अशी ही गंमत. आणि ही विमा योजना आली कुठनं? बाबासाहेब १९४२ ते ४६ मजूरमंत्री होते, त्यांच्या खात्यानं नेमलेल्या अडारकरांनी १९४४ साली अहवाल दिला, तिथनं. बाबासाहेबांच्या खात्यातून निघालेल्या योजनेच्या खिडकीवरून माझा बाप परत आला. कामावरून नाव कमी झालं तसं कार्ड गेलं, आणि राजीनाम्यावर सही त्यांनीच केली होती, 'घरगुती कारणास्तव'. जिना चढता येत नव्हता, हे ते घरगुती कारण.

मग दिव्यांगांच्या शिबिरात नेलं. २०१६च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं आहेत. डोळे आहेत, कान आहेत, हातपाय आहेत, रक्ताचे रोग आहेत, मन आहे. असायलाच पाहिजेत. फुफ्फुस नाही. टेबलावरचा माणूस म्हणाला, "ह्यांचे हातपाय चालतात की." चालतात. संडासापर्यंत जायचं तर मधे दोन वेळा बसतात, एवढंच. संजय गांधी योजनेचं अनुदान २०२३ साली दीड हजार झालं, त्यासाठी तलाठ्याकडं खेपा चालूच आहेत. महात्मा फुल्यांच्या नावाचं कार्ड आहे, ते दवाखान्यात दाखल झाल्यावर चालतं. घरात श्वास घ्यायला कुठलंच कार्ड नाही. ऑक्सिजनचं मशीन भाड्यानं, वीजबिल आपलं, लाईट गेली की आई पुठ्ठ्यानं वारा घालते. पुठ्ठ्यानं ऑक्सिजन वाढत नाही हे तिलाही कळतं.

आता जातीचं. काही शहाणे म्हणतील, धूळ काय जात बघते व्हय? धूळ बघत नाही. खातं वाटणारा बघतो. माझा पणजा मुंबईच्या गिरणीत गेला तेव्हा विणाई खातं आपल्याला बंद होतं. का? धोट्यातला धागा तोंडानं ओढून काढायला लागायचा, आणि आपलं उष्टं बाकीच्यांना चालत नव्हतं. विणाईला पगार जास्त. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी विणाई खातं आपल्याला खुलं करायची मागणी लावून धरली, संपाच्या पुढाऱ्यांनी ती नाखुशीनं घेतली. आमची थुंकी त्यांच्या धाग्याला चालली नाही. त्यांच्या कापसाची धूळ मात्र आमच्या छातीला चालली. पणजा रिंगखात्यात, आजा कार्डिंगला. १९८२च्या संपात आजा गावाकडं आला तो खोकतच आला. मग आण्णा. आज कुणी 'शिवू नको' म्हणत नाही. आज ठेकेदार नुसतं आडनाव विचारतो. आमच्या गिरणीत ब्लोरूमला आणि वेस्टच्या खोलीत कोण आहे ते मी मोजलंय. आपल्या वस्तीतली पोरं आणि ओरिसा-बिहारकडून आलेली. तुमच्या गिरणीत तुम्ही मोजा.

आणि युनियन? तिच्या मागणीपत्रात बोनस होता, महागाई भत्ता होता, दिवाळीचं धान्य होतं. धूळ नव्हती. सभेत मी विचारलं तर पुढारी म्हणाला, "मशीनं जरा बंद ठेवून धूळ काढत बसलं तर उत्पादन पडंल, मग बोनस कुठला?" टाळ्या त्यालाच पडल्या. बाबासाहेबांनी १९३८ साली मनमाडला कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आमच्या युनियनला पहिला दिसत नाही, आणि वस्तीतल्या आमच्या जयंती मंडळाला दुसरा दिसत नाही. मंडळाच्या वर्गणीच्या यादीत पहिलं नाव गिरणीमालकाचं आहे.

पण मी मुद्दा सोडणार नाही. मुद्दा आईचा आहे.

गिरणीनं टाकलं, डॉक्टरनं टाकलं, खिडकीनं टाकलं, मग आण्णा कुणाच्या अंगावर पडले? दोन बायकांच्या. आई दिवसा कांडी मशीनवर जाते, रात्री उठते. दोन वाजता उशी उंच करायची, चारला पाणी, पाचला पाठ चोळायची. आण्णा चिडतात. दम नसलेला माणूस फार चिडतो, शिव्या द्यायला दम कुठून येतो कोण जाणे. ज्या माणसानं गाठी खांद्यावरून टाकल्या, त्याला बायकोनं धरून मोरीत न्यायचं. मी एकदा त्यांना भिंतीकडं तोंड करून रडताना बघितलंय आणि न बघितल्यासारखं करून बाहेर गेलोय. बहिणीला बारावीला ७८ टक्के होते. तिला नर्सिंगला जायचं होतं. "घरीच नर्सिंग करतीया की," असं नातेवाईक म्हणाले आणि हसले. मी पण हसलो. ती नाही हसली.

आणि मी काय करत होतो? पाळी करत होतो, पगार आणत होतो आणि रात्री कविता लिहीत होतो. आईच्या जागरणावर. ती जागी आहे म्हणून मला लिहायला दिवा मिळत होता, हे मला नऊ वर्षं सुचलं नाही. तुम्हा कवींना विचारतो. आपल्या ह्याच पानांवर आईच्या किती कविता आल्या? तिच्या भेगा, तिचं ठिगळ, तिचं उपाशी झोपणं. मनुवाद्यांनी बाईला देवी करून चुलीशी बांधली म्हणून आपण बोंबलतो, आणि आपण तिला धरणी करून आजाऱ्याच्या उशाशी बांधतो. 'त्याग' हा शब्द मालकाला लई सोयीचा आहे राव. ती त्याग करते तोवर त्याला पैसे द्यावे लागत नाहीत, आणि आपल्याला रात्री उठावं लागत नाही.

शेवटची गोष्ट घरी अजून सांगितलेली नाही, ती इथं सांगतो. गेल्या पावसाळ्यापासून सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी माझी छाती आवळते. दुसऱ्या दिवशी मोकळी होते. मी बिडी ओढत नाही. येत्या सोमवारी पाळी सुटली की तसाच, भुवया न पुसता, दवाखान्यात जाणार आहे. 'काम काय' ह्या ओळीत डॉक्टर 'कार्डिंग खातं, सूतगिरणी' लिहीत नाही तोवर स्टुलावरून उठणार नाही. तुमच्यापैकी ज्यांना हा सोमवार ठाऊक आहे त्यांनी बरोबर या. एकट्याचा असतो तो दमा. दहा जण एकाच वारी एकाच दारात गेले, तर त्यांना काहीतरी लिहावं लागेल.

बहिणीचा फॉर्म भरलाय. दोन ते पाच आता माझी पाळी. पहिल्या रात्री मला मशीनची नळी नीट बसवता येईना. आण्णा हातानं खूण करून सांगत होते, तिला उठव, तिला उठव. मी उठवलं नाही. तिसऱ्या खेपेला बसली.