छोट्या गाडीची वाट

मिरजेहून पंढरपूरला वारकऱ्यांना नेणारी छोटी गाडी आपल्याकडच्या आजी-आजोबांना अजून आठवते. कानडी मुलखातली मंडळीही तिनेच विठ्ठलाला जात. तिच्या जागी मोठी गाडी आली. ग्वाल्हेर शहरात मात्र तसे झाले नाही.

महाराज माधवराव शिंदे यांच्या काळातली ही गाडी मिरजेच्या गाडीहूनही अरुंद, रुळांत अवघे दोन फूट अंतर! ग्वाल्हेर ते श्योपूर सुमारे २०० किलोमीटर धावे. मार्च २०२० मध्ये ती थांबली. मोठी गाडी आता बिरलानगर, रायरूवरून जाते आणि शहरातला घोसीपुरा, मोतीझीलकडचा जुना पट्टा मागे उरला. एवढ्याशा जागेत मोटारी काय धावणार? पण सकाळी फिरणाऱ्यांना, सायकलवरून शाळेला जाणाऱ्या मुलांना ती पुष्कळ झाली. न्यूयॉर्कमध्ये १९८० पासून बंद पडलेला उंचावरचा रेल्वेमार्ग पाडायचेच घाटत होते. शेजारच्या रहिवाशांनी नेट धरला आणि २००९ मध्ये त्यावर फिरण्याची वाट खुली झाली.

त्याच मध्य प्रदेशाच्या राजधानीचे, भोपाळचे, उदाहरण उलटे आहे. २०१३ मध्ये बससाठी राखलेली २४ किलोमीटरची मार्गिका २०२४ मध्ये उखडायला घेतली आणि जागा सरसकट सगळ्या वाहनांना दिली. मला हे पटले नाही.

रुळांची जागा सलग आहे तोवरच तिची वाट होते. मध्ये टपऱ्या बसल्या की तुकडे जोडणे कठीण. तेव्हा आधी कुंपण, मग झाडे. फरशी मागाहून बसवता येईल. आणि मोतीझीलला एखादा जुना डबा ठेवावा, नातवंडांना चढून बसायला.