झाकली मूठ आता उघडा

समान कामास समान मोबदला देण्याचे बंधन मालकवर्गावर घालणारा १९७६ चा कायदा पन्नाशीच्या उंबरठ्यावर येऊन संपुष्टात आला. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी वेतन संहिता अंमलात आली आणि तिने ज्या चार जुन्या कायद्यांस पोटात घेतले त्यांत हाही एक होता. वेतन देताना स्त्री-पुरुष असा भेद करू नये, हे मूळ तत्त्व नव्या संहितेत शाबूत आहे. तेव्हा तत्त्व बुडाले अशी हाकाटी करण्याचे कारण नाही. परंतु घटनेच्या एकोणचाळिसाव्या अनुच्छेदाने १९५० सालीच सांगून ठेवलेले हे तत्त्व आपल्या कचेऱ्यांत, कारखान्यांत, रुग्णालयांत आणि शाळांत प्रत्यक्ष पाळले जाते किंवा कसे, हे नागरिकास कशावरून कळावे? या साध्या प्रश्नास जुन्या कायद्याजवळ उत्तर नव्हते आणि नव्या संहितेनेही ते दिलेले नाही. सगळी गोम येथे आहे.

जुन्या कायद्याने उत्तराची सामग्री जमविण्याची तजवीज मात्र केली होती, हे विशेष. प्रत्येक मालकाने एक नोंदवही ठेवावी. तीत कामाचा प्रकार, त्या कामावरील पुरुषांची संख्या, स्त्रियांची संख्या, वेतनाचा दर व निरनिराळे भत्ते लिहावे, असा नियम होता आणि वहीचा नमुनाही ठरवून दिलेला होता. तिचा गोषवारा दरवर्षी प्रसिद्ध झाला असता, तर पन्नास वर्षांत आपली वाटचाल किती झाली हे आज बोटाने दाखविता आले असते. परंतु निरीक्षक येईल तेव्हा वही दाखवावी आणि एरवी ती कपाटात ठेवावी, एवढ्यावरच काम भागले. जिच्या वेतनाचा प्रश्न, त्या स्त्रीपुढे ती उघडण्याचे बंधन कोणावर नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असे आपण दुबळ्याची अब्रू राखण्यासाठी म्हणतो. येथे त्या मुठीने अब्रू राखली ती बळवंताची.

मुंबईतील एका जुन्या जहाजी कंपनीतील लघुलेखिकेचा खटला या संदर्भात स्मरणात ठेवण्याजोगा आहे. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली गोपनीय लघुलेखनासाठी नेमलेल्या सर्व स्त्रियाच, आणि तशाच स्वरूपाचे काम करणाऱ्या पुरुषांस मात्र चढे वेतन, असा तेथील प्रकार होता. १९७७ साली नोकरी सुटल्यावर या बाईंनी फरकाची रक्कम मागितली. कंपनीने आपल्या ओढगस्तीची सबबही पुढे करून पाहिली. समान वेतन देणे मालकास परवडते की नाही यावर हा कायदा अवलंबून नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८७ साली दिला. न्याय मिळाला, पण त्यास दहा वर्षे लागली. आणि तो मिळण्यास एक गोष्ट उपयोगी पडली. कंपनी व कामगार संघटना यांच्यातील करारामुळे दोन्ही वेतनांतील तफावत पांढऱ्यावर काळे करून ठेवलेली होती.

आज तशी सोय फारच थोड्या ठिकाणी उरली आहे. खाजगी नोकरीत वेतन ठरते ते बंद दाराआड, एकेका उमेदवाराशी, आणि ते कोणास सांगू नये अशी अट पुष्कळदा नेमणूकपत्रातच असते. शेजारच्या टेबलावरील सहकाऱ्यास काय मिळते हे जिला ठाऊक नाही, तिने आपणांवर अन्याय होतो हे सिद्ध करावे तरी कसे? कायद्याने तिच्या हाती हक्क दिला आणि पुराव्याच्या कपाटाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात ठेवली.

सरकारजवळ आकडेवारी अजिबात नाही असे कोणी समजू नये. नियतकालिक श्रमबल पाहणीनुसार पंधरा वर्षांवरील स्त्रियांपैकी काम करणाऱ्या वा काम शोधणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण २०१७-१८ साली शेकडा २३.३ होते, ते २०२३-२४ साली ४१.७ झाले. हा आकडा व्यासपीठावरून अभिमानाने सांगितला जातो. परंतु त्याच पाहणीत असेही दिसते की, कामकरी स्त्रियांपैकी सुमारे दोन तृतीयांश स्वयंरोजगारात आहेत, आणि एक तृतीयांशाहून अधिक घरच्याच शेतावर किंवा धंद्यात विनावेतन मदतनीस म्हणून राबतात. आकडा वाढला, पदरात किती पडले हा प्रश्न निराळाच राहिला. शिवाय ही पाहणी घरोघरी जाऊन होते. तीतून देशाचे चित्र दिसते, अमुक एका मालकाचे दिसत नाही.

मालकाचे चित्र दाखविणारे एकच साधन आपल्याकडे आहे, आणि ते कामगार खात्याने नव्हे तर शेअर बाजाराच्या नियंत्रकाने निर्माण केले आहे. बाजारमूल्याने अग्रभागी असलेल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांनी आपल्याकडील स्त्री-पुरुषांची संख्या व त्यांचे मध्यक वेतन दरवर्षी जाहीर करावे, असे बंधन सेबीने २०२२-२३ पासून घातले. ही गोष्ट स्तुत्य आहे. तथापि हे गुंतवणूकदाराच्या माहितीसाठी आहे, कामगार स्त्रीच्या रक्षणासाठी नव्हे. ज्यांचे भाग बाजारात विकले जात नाहीत अशा कंपन्या, खाजगी रुग्णालये, शिक्षणसंस्था व सहकारी संस्था यांस हे बंधन लागू नाही. आणि नोकरी करणाऱ्या स्त्रियांचा केवढा तरी मोठा भाग तेथेच आहे!

इतर देशांनी हा मार्ग चोखाळून पाहिला आहे. ब्रिटनमध्ये २५० वा अधिक नोकर असलेल्या मालकांस वेतनातील तफावत जाहीर करण्याची सक्ती २०१७ साली झाली आणि पहिली मोठी यादी २०१८ च्या एप्रिलपर्यंत लोकांपुढे आली. वेतनाच्या उतरंडीचे चार सारखे भाग करून प्रत्येकात स्त्रिया किती, हेही तेथे सांगावे लागते. ऑस्ट्रेलियात शंभर वा अधिक नोकर असलेल्या मालकांकडून माहिती घेण्याचा कायदा २०१२ चा. पण एकेका मालकाची तफावत नावानिशी प्रसिद्ध होऊ लागली ती २०२४ च्या फेब्रुवारीत. मधली अनेक वर्षे माहिती जमत होती आणि लोकांस दिसत होती ती उद्योगवार बेरीज. बेरजेआड प्रत्येकास लपता येते, नावाआड येत नाही, हा धडा तेथील शासनास घ्यावा लागला.

या धोरणावर आक्षेप आहेत आणि त्यांतील काही वजनदार आहेत. पहिला असा की, सरासरीतील तफावत म्हणजे कायद्याचा भंग नव्हे. हे खरे आहे. एखाद्या पेढीत अधिकारी बहुतेक पुरुष आणि कारकून बहुतेक स्त्रिया असल्या, तर प्रत्येकास नियमाप्रमाणे वेतन मिळूनही तफावत मोठीच दिसेल. परंतु मग स्त्रिया कारकुनीतच का अडकल्या, हा पुढचा प्रश्न तोच आकडा विचारावयास लावतो. आकडा हा निकाल नव्हे, तो दरवाजावरील टकटक आहे. दुसरा आक्षेप डेन्मार्कच्या अनुभवावरून निघतो. तेथील २००६ च्या कायद्यानंतर तफावत कमी झाली. मात्र स्त्रियांचे वेतन वाढण्यापेक्षा पुरुषांच्या वेतनाची वाढ मंदावल्याने ती अधिक घटली, असे अभ्यासकांस आढळले. म्हणजे प्रसिद्धी हे औषध नव्हे, रोगनिदान होय. पण निदानच नको म्हणणाऱ्या रोग्यास वैद्याने काय सांगावे?

सरकारला हे सांगताना त्याच्या स्वतःच्या घराकडे बोट दाखविणे आम्हांस भाग आहे. अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्या यांस जे मिळते त्यास वेतन न म्हणता मानधन अथवा कामावारी मोबदला म्हणतात. त्यामुळे नियमित कर्मचाऱ्यांच्या वेतनपत्रकात त्यांचे नाव येत नाही. अंगणवाडी सेविका व मदतनीस यांस उपदान मिळण्याचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयास २०२२ साली सांगावे लागले. ज्या शासनाच्या योजना लाखो स्त्रियांच्या खांद्यावर चालतात, त्याने शब्दाच्या आडोशाने त्यांस मोजणीबाहेर ठेवावे आणि खाजगी मालकांस समतेचे पाठ द्यावे, हे शोभत नाही.

केवळ तक्ते भरून घेतल्यानेही भागणार नाही. आम्ही पूर्वी एका खाजगी शाळेत शिकवीत होतो. तेथे पगारपत्रकावरील आकडा निराळा असे आणि हातावर पडणारी रक्कम निराळी. सही पहिल्यावर घेतली जाई. त्यात शिक्षिका अधिक नाडल्या जात, कारण ‘घरी मिळवते आहेतच ना’ हे उत्तर त्यांच्यासाठी तयार असे. त्या पत्रकावरून कोणी अहवाल लिहिला असता, तर आमची शाळा आदर्श ठरली असती!

यास्तव आमची मागणी मोजकी आहे. शंभर वा अधिक माणसे कामावर असलेल्या प्रत्येक मालकाने, मग तो खाजगी असो, सहकारी असो वा सरकारी, स्त्री-पुरुषांची संख्या, त्यांचे वेतन आणि वेतनाच्या चारही पायऱ्यांवरील स्त्रियांचे प्रमाण दरवर्षी जाहीर करावे. कंत्राटी व मानधनी माणसे त्यात मोजावीत. हे आकडे नावानिशी सर्वांस पाहावयास मिळावेत, आणि काहींची तपासणी बँकेतील प्रत्यक्ष भरण्याशी ताडून अचानक व्हावी. लहान दुकानदारास यातून वगळावे; त्याच्या मागे कागदांचा ससेमिरा लावण्यात अर्थ नाही.

हिंदी माणसाचे वार्षिक उत्पन्न सरासरी वीस रुपये आहे, हे दादाभाई नौरोजींनी परक्या सरकारच्याच आकड्यांतून सिद्ध केले. ते आकडे छापलेले होते म्हणून दादाभाईंस ते वाचता आले. स्वराज्यातील मिळवत्या स्त्रीस आपल्या हक्काचा हिशेब मांडावयाचा, तर तिलाही आधी आकडे मिळाले पाहिजेत. नवी संहिता आली आहे, नव्या वह्या उघडल्या जात आहेत; त्या पुन्हा कपाटात जाऊ न देणे हे सरकारचे पहिले कर्तव्य होय.