निर्मितीपूर्वीचा प्रश्न

निसर्गात जे आहे ते जाणून घेणे, हे जीवशास्त्राचे कार्य आजवर मानले गेले. आता या शास्त्राची एक नवी शाखा उदयास आली असून तिला कृत्रिम जीवशास्त्र असे म्हणतात. सजीवांच्या पेशीतील जनुके म्हणजे पेशीला मिळालेल्या आज्ञाच होत. त्या आज्ञांची जुळणी बदलून पेशीकडून आपल्याला हवे ते काम करवून घेणे, हे या शाखेचे उद्दिष्ट होय.

विशेष हे की, हे कार्य केवळ वयोवृद्ध पंडितांपुरते राहिलेले नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्या संस्थेत २००३ साली भरलेल्या एका वर्गातून ‘आयजेम’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा जन्मास आली. आज तिच्यात अनेक देशांचे विद्यार्थी भाग घेतात. पुण्याचे विद्यार्थीही तीत उतरले आहेत. तेथे केवळ प्रयोग साधून भागत नाही. आपल्या कामाचा समाजावर काय परिणाम होईल याचा विचार विद्यार्थ्यांनी केला आहे की नाही, हेही परीक्षक पाहतात.

काहींना ही अपेक्षा अनाठायी वाटते. विद्यार्थ्यांनी आधी शास्त्र शिकावे. बरेवाईट ठरवावयास शासन आणि वडीलधारी माणसे समर्थ आहेत, असे ते म्हणतात. मला हे मत पटत नाही. का पटत नाही, ते एका उदाहरणाने सांगतो.

आर्टेमिसिनिन हे हिवतापावरील अत्यंत गुणकारी औषध आहे. ते ज्या वनस्पतीपासून मिळते, ती आपल्या दवण्याची जवळची आप्त होय. या औषधाचा शोध लावणाऱ्या चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. चीन, व्हिएतनाम आणि पूर्व आफ्रिका येथील हजारो लहान शेतकरी या वनस्पतीची लागवड करतात. पीक हाती येण्यास कित्येक महिने लागतात. कधी तुटवडा पडतो, तर कधी माल पडून राहतो. तुटवड्याच्या वेळी औषध महागते आणि त्याची झळ गरीब रोग्याला लागते.

हे दुःख दूर व्हावे म्हणून कॅलिफोर्नियातील जे कीसलिंग व त्यांचे सहकारी झटले. पाव फुगविण्यासाठी जे यीस्ट वापरतात, त्याच्या जनुकांत फेरबदल करून या औषधाचा कच्चा माल त्यांनी २००६ साली तयार करून दाखविला. २०१३ साली इटलीतील एका कारखान्यात त्यापासून औषधद्रव्याचे उत्पादनही सुरू झाले. हेतू निःसंशय उदात्त होता. परंतु कारखान्याचा माल स्वस्त ठरला, तर आफ्रिकेतील त्या शेतकऱ्याच्या चुलीचे काय? आणि शेतकऱ्यासाठी कारखाना थांबवावा, तर तापाने फणफणणाऱ्या बालकाचे काय?

पुढे घडले ते निराळेच. शेतातील मालाचा भाव उतरला, कारखान्याचा माल त्याहून महाग पडला आणि २०१५ साली तेथील उत्पादन थांबले. जो प्रश्न माणसांनी विचारपूर्वक सोडवावयाचा, तो बाजारभावाने तात्पुरता मिटविला. बाजारभाव उद्या पालटेल. मग तोच प्रश्न पुन्हा दारात उभा राहील.

म्हणूनच माझे म्हणणे असे की, न्यायान्यायाचा विचार प्रयोगाच्या पहिल्या दिवशीच व्हावा. कारखाना उभा राहिला, त्यात पैसा गुंतला, की मागे वळणे कठीण होते. वहीवरील आराखडा मात्र खोडरबराने बदलता येतो. शासनाचे नियम आवश्यक आहेत. पण नियमांना वस्तू दिसते ती तयार झाल्यावर. करणाऱ्याला ती आधीपासून दिसत असते.

असा विचार म्हणजे विज्ञानाला घातलेला अडसर नव्हे. जिवाणूंकडून तयार करविलेले इन्शुलिन १९८२ पासून मधुमेही रोग्यांना जीवदान देत आले आहे. अशी देणगी नाकारणे शहाणपणाचे ठरणार नाही.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी कोणी उद्या प्रयोगशाळेत नवी पेशी घडवील. त्या वेळी ‘हे कसे साधेल?’ या प्रश्नाशेजारी ‘याने कोणाचे भले होईल आणि कोणाची भाकरी जाईल?’ हा प्रश्नही वहीत लिहून ठेवा. आणि ज्याची भाकरी जाणार असेल, त्याला विचारल्यावाचून पुढचे पान उलटू नका.